घट्ट बसलेला पिवळा ठोकळा

खेळणी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका खोक्यात पिवळा आणि निळा असे दोन ठोकळे एकमेकांत इतके घट्ट बसले होते, की आपण वेगळे आहोत हेच पिवळा विसरून गेला होता.

एके दुपारी, त्यांच्याशी खेळणाऱ्या शाल्मलीनं सगळे ठोकळे साबणाच्या कोमट पाण्यात सोडले. फेसात शिरताना पिवळ्याला ढगात आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात पाणी हळूच म्हणालं, "जरा सैल हो रे. तुमच्या मधे धूळ साठलीय."

"नको! सुटलो तर मी हरवेन," पिवळा घाबरून म्हणाला.

"अरे, ती धूळ मला कधीपासून टोचतेय," निळा म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मग पिवळ्यानं पकड सोडली आणि धूळ वाहून गेली.

शाल्मलीनं ठोकळे उन्हात वाळवले आणि रंगांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत भरले. पिवळ्याला निळ्याची फार आठवण यायची. एका सकाळी तिनं होडी बांधायला घेतली, तेव्हा पिवळ्याच्या डोक्यावर एक अनोळखी हिरवा ठोकळा बसला.

"मी नवा आहे. पडणार नाही ना?" तो कुजबुजला.

"नाही पडणार," पिवळा म्हणाला. "पण काही टोचलं, तर लगेच सांग हं."