लघवी सुरू झाली त्या दिवशी

एकदा एका बालरुग्णालयात एका शिष्येला आपल्या वृद्ध गुरूंचाच संशय येऊ लागला. गुरू बोलले की शिष्याने मान डोलवावी, असे आपण समजतो. ही डॉक्टर पोरगी तशी नव्हती.

रक्ताचे जुलाब झालेली चार वर्षांची रेणू तिथे दाखल होती. रक्तातल्या पेशी फुटत होत्या, मूत्रपिंडे बंद पडली होती. नऊ दिवस डायलिसिस चालले. त्या नऊ दिवसांत सगळ्यांचा एकच प्रश्न असे, "लघवी झाली का?" झाडूवाल्या मावशीसुद्धा तोच विचारत. दहाव्या दिवशी झाली. शिष्येने हरखून रेणूला अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात हलवण्याचा कागद तयार केला.

रेणूची आई तेवढी म्हणाली, "मॅडम, आज सुई टोचली तरी पोर रडली नाही हो."

"सवय झाली तिला. आता काळजी सोडा," शिष्या म्हणाली.

गुरू आले. लघवीच्या पिशवीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. झोपलेल्या रेणूची नाडी पूर्ण मिनिटभर मोजली, पोट चाचपले आणि तो कागद फाडून टाकला. "हृदयाचा इको करा. आत्ता."

शिष्येला राग आला. दहा दिवस मी राबले, आणि यांचा माझ्यावर विश्वास नाही! की वयामुळे यांना जिथे तिथे आजारच दिसतो?

इकोत कळले, हृदय जेमतेम निम्म्या जोराने चालले होते. लगेच औषधे सुरू झाली. पाच दिवस कुणाला धड जेवण गेले नाही. सहाव्या दिवशी हृदयाने जोर धरला.

तेव्हा शिष्येने विचारलेच, "सर, तुम्हाला माझा संशय आला होता ना?"

"तुझा नाही, सगळ्यांच्या आनंदाचा आला," गुरू म्हणाले. "हा रोग बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या करतो. त्या काय फक्त मूत्रपिंडात असतात? हृदयातही असतात. आपण मात्र एकाच दारावर पहारा देत बसलो. त्या दिवशी अंगात ताप नाही, तरी झोपेत नाडी धावतेय, पोटात यकृत सुजलेलं. रडायचंही त्राण नाही. याला सवय म्हणायचं? फार वर्षांपूर्वी मीही एका मुलाला असंच वॉर्डात पाठवलं होतं. लघवी उत्तम होती त्याची. दुसऱ्या दिवशी गेला."

शिष्येने हळूच विचारले, "तेव्हा कुणालाच शंका आली नाही?"

"आली होती. त्याच्या आईला. मी तिची समजूत घातली."

शिष्या उठून रेणूच्या आईजवळ गेली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "ताई, आज कशी वाटतेय हो तुम्हाला ही? सगळं सांगा."