राज्याचा पदार्थ

राजा भानुदेवाच्या वाढदिवसाची पंगत पहिल्या घासालाच अडली. किनाऱ्याच्या सरदारानं भाकरी बाजूला सारली. "हे पठारवाल्यांचं खाणं. आम्ही भाताशिवाय जेवत नाही." पठारचा सरदार म्हणाला, "भातानं कुणाचं पोट भरतं?" तेवढ्यात रानपट्टीचा सरदार उठला. "आमच्या मधाचा थेंबसुद्धा पानात नाही. ज्या नदीचं पाणी पिता, ती उगम पावते आमच्याकडे." तिघंही उपाशीच उठले.

राजाच्या कपाळाची शीर तटतटली. त्यानं मुदपाकखान्यातल्या गोजराबाईला बोलावलं.

"उद्या पंगतीला फक्त राज्याचा पदार्थ हवा. त्यात किनारा नको, पठार नको, रान नको. निव्वळ राज्य!"

"वा, काय एकजूट!" प्रधानांनी मान डोलावली. ती ते नेहमीच डोलावत.

"आणि नाही जमलं तर आपल्या मुलखात चालती हो," राजा म्हणाला. "कुठली गं तू?"

"माहेर किनाऱ्याचं, सासर पठारचं, आणि चूल तुमची, महाराज. नेमकी कुठं जाऊ तेवढं सांगा."

राजानं जास्तच चिडून तिला हातानंच मुदपाकखान्याकडं पिटाळलं.

गोजराबाई चुलीपुढं येऊन बसली. वीस वर्षांची चूल सुटणार होती. तिनं एकेक डबा उघडला आणि एकेक बंद केला. शेवटचा डबा बंद केला तेव्हा मात्र तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी राजा आणि तिन्ही सरदार सकाळपासून पाटांवर येऊन बसले. ऊन कललं, तरी चुलीचा धूर दिसेना. अखेर गोजराबाई रिकाम्या हातांनी आली आणि अदबीनं म्हणाली, "वाढलंय. जेवायला सुरुवात करावी."

पुढ्यात ना पान, ना वाटी.

"ही काय थट्टा?" राजा गरजला. "भात कुठाय?"

"भात किनाऱ्याचा, महाराज. काढला."

"मग भाकरी?"

"ज्वारी पठारची. तीही काढली."

"निदान मीठ?"

"समुद्राचं. केळीचं पानही तिकडचंच."

"अगं, पाणी तरी दे!"

"नदी रानपट्टीची. सरदारसाहेब कालच म्हणाले."

रानपट्टीच्या सरदारानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"सगळं काढलंस, तर वाढलंस काय?" राजानं विचारलं.

गोजराबाईनं पंगतीवरून नजर फिरवली. तिघांच्याही पोटांत कावळे ओरडत होते, आणि ते सगळ्यांना ऐकू येत होते.

"भूक, महाराज. अवघ्या राज्याची म्हणावी अशी निव्वळ तेवढीच सापडली."

राजा हसायला लागला तो इतका की त्याचा मुकुट मानेवर आला. त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं आणि म्हणाला, "बाई, आता ज्याचं त्याचं सगळं वाढ, पण लवकर वाढ."

त्या संध्याकाळी किनाऱ्याच्या सरदारानं तिसरी भाकरी मागून घेतली. फक्त जरा हळू आवाजात.