पौषात बोललेला लावा

फार वर्षं झाली. तेव्हा कुरणवाडीला रस्ता नव्हता, शाळा नव्हती. शहाणे म्हातारे मात्र आजच्याइतकेच होते. त्या गावात केवळा राहायची. अंगणातल्या खुराड्यात ती लावे पाळायची. लावा म्हणजे मुठीएवढा, मातीच्या रंगाचा, गवतात दडणारा पक्षी. त्यांची अंडी विकून तिनं एकटीनं पोर वाढवली. पोरीचं नाव मथी.

ही मथी घोंगड्या विकत फिरणाऱ्या एका पोराबरोबर निघून गेली. गावाला विचारलं नाही, हा तिचा गुन्हा. म्हातारे पारावर बसले आणि ठरवून मोकळे झाले : मथीला शिवेच्या आत पाय ठेवू द्यायचा नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, तिचा निरोप आणणाऱ्यालाही शिवेवरूनच परत पाठवायचं. त्यांच्यापैकी कुणी केवळाला कधी शेरभर दाणे दिले नव्हते. ठरवायला मात्र सगळे हजर.

तरी एक निरोप तोंडातोंडी आत आलाच; कुठून निघाला, ते कुणाला कळलं नाही. मथीला दिवस गेलेत, आणि पहिलं बाळंतपण आईकडे व्हावं असं ती म्हणते. केवळा पारावर गेली. पदर पसरून उभी राहिली. म्हाळोजी पाटलानं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पौषाच्या थंडीत लावा बोलला, की येऊ दे तुझी पोर."

सगळा पार हसला. कारण लावा बोलतो तो उन्हाळ्यात, पावसात. थंडीत तो पिसं फुलवून गप्प बसतो, अंडंसुद्धा घालत नाही.

केवळा हसली नाही. "शब्द दिलात, आबा?"

"दिला."

असं म्हणतात, की त्या वर्षी दंव पानावरच गोठायचं. केवळानं खुराड्याला पोत्यांचा आडोसा केला, खाली भुसा अंथरला. दाण्यात मिरची कुटून घातली. लाव्यांना तिखट लागतच नाही. त्यांनी ती मुकाट खाल्ली आणि मुकाटच राहिले. मग तिनं कोमट पाण्यात लसूण ठेचून दिला. अंड्याची टरफलं बारीक करून दिली, वारुळातली वाळवी आणून घातली. लावे गुबगुबीत झाले. बोलला एकही नाही.

आता घरात एकच गाडगं उरलं होतं. त्यात ओवा होता, सुंठ होती, शेपा, अळीव, डिंक. मथीच्या बाळंतपणासाठी चिमूट चिमूट करून साठवलेला मसाला. तो लाव्यांना घातला आणि ते गप्पच राहिले, तर पोर येणारही नाही आणि तिच्यासाठी ठेवलेलंही जाईल. केवळा गाडगं मांडीवर घेऊन बसून राहिली. शेवटी तिनं त्याचं तोंड सोडलं. बाळंतिणीला ऊब देतं, ते पाखराला का देणार नाही?

ती रोज राळ्याच्या दाण्यात तो मसाला कालवायची आणि खुराड्याशी बसून मथीशी बोलावं तसं बोलायची. असं म्हणतात, की गाडग्याचा तळ दिसला त्या सकाळी एका लाव्यानं मान वर केली आणि साद घातली.

केवळा धावत पारावर गेली. म्हाळोजी म्हणाला, तित्तर असेल. दुसरा म्हणाला, हल्ली मला ऐकू कमी येतं. तीन घरं पलीकडे नारळ फुटला तर प्रसादाला पहिला पोहोचणारा माणूस हा.

मग खुराड्यातले सगळे लावे बोलले. त्यांना कुरणातल्या लाव्यांनी साद दिली, कुरणाला डोंगरानं दिली. पेल्यातलं पाणी थरथरलं, गाईंनी वैरण टाकली, पारावरच्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. शेवटी म्हाळोजी कानांवर हात ठेवून ओरडला, आणा त्या पोरीला.

लावे थांबले. गाव चिडीचूप झालं.

"कुठून आणू, आबा?" केवळा म्हणाली.

कुणालाच माहीत नव्हतं. ठावठिकाणा सांगायला जे जे आले, त्यांना शिवेवरून यांनीच हाकललं होतं. शब्द पाळायची वेळ आली, तेव्हा पाळायला वाटच उरली नव्हती.

केवळानं पहिल्यांदा बोललेल्या लाव्याला टोपलीत घेतलं, गाडग्यातला शेवटचा चुरा पदरात बांधला आणि डोंगराकडे निघाली. असं म्हणतात, की तिच्या लाव्याची साद पहिल्यांदा या डोंगरावरून आली, मग पलीकडच्या, मग त्याच्याही पलीकडच्या. मग कान देऊनही येईना.

अजूनही पौष लागला, की कुरणवाडीत घरोघरचे म्हातारे स्वतः ओवा-सुंठ कुटतात, राळ्यात कालवतात आणि कुरणात टाकून येतात. बायकांनी त्याला हात लावायचा नसतो. पहिला लावा बोलला, की गावातल्या सर्वांत वडील माणसानं शिवेवर उभं राहून निघून गेलेल्या पोरींची नावं मोठ्यानं घ्यायची. त्या दिवशी आलेल्या पोरीला काही विचारायचं नाही. म्हातारे गुडघे दुखतात म्हणतात, खोकतात. पोरंसोरं दंडाला धरून त्यांना नेतात.

कितीतरी पोरी आल्या आहेत. कुणी पोर कडेवर घेऊन आली, कुणी एकटी.

सगळ्यांत आधी नाव मथीचं. ते घेतलं, की म्हातारा पुढच्या नावाकडे वळायला बघतो. मागून बायका म्हणतात, जरा थांबा.