परत आलेली बरणी

"बुडालेल्या पेढीकडे जी गोष्ट कधीच नव्हती, ती शुक्रवारी मला आणून दाखवा! नाहीतर पेठेतलं दुकान खाली करा!"

भद्रसेन महाराजांनी हुकूम सोडला आणि देवरांगणीच्या जुन्या व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं. झालं होतं असं, की महाराजांची आवडती अत्तराची पेढी, चांगली पाच पिढ्यांची, एकाएकी बंद पडली. महाराज आधी हळहळले, मग चिडले. आजोबांच्या काळच्या सात नामांकित पेढ्यांपैकी आता तीनच उरल्या होत्या. काही टिकतात आणि काही बुडतात, त्या का? हे कोडं महाराजांच्या डोक्यात शिरलं, आणि त्या डोक्यात शिरलेलं काही सहजासहजी बाहेर पडत नसे.

उरलेल्या तीन पेढ्यांपैकी एक दाजीशेटांची, लोणच्याची. सगुणा तिथे कैऱ्या फोडायची. दुकान गेलं तर शेटजी गावाकडे जाऊन राहिले असते, पण कैऱ्या फोडणाऱ्या नऊ बायांच्या चुली थंडावल्या असत्या. त्यातली एक सगुणाचीच होती.

"शेटजी, दरबारात मीही येते," ती म्हणाली.

"तू येऊन काय दाखवणार गं?"

"ती कोपऱ्यातली बरणी!"

दाजीशेटांनी कपाळावर हात मारला. "अगं, गिऱ्हाइकाने परत केलेली ती! करपलेल्या फोडणीची! महाराज आपल्याला सुळावर देतील!"

"दुकान गेल्यावर तरी कुठे आपण पंचपक्वान्नं खाणार आहोत? चला!"

शुक्रवारी दरबार भरला. भांड्यांच्या पेढीचे धोंडोशेट पुढे झाले. त्यांनी मूळ पुरुषाचा हातोडा रेशमी रुमालावर ठेवून आणला होता.

महाराज म्हणाले, "अत्तरवाल्याकडे पणजोबाचा चांदीचा तराजू होता. बुडालाच ना? पुढे!"

मिठाईवाले भीमाशेट म्हणाले, "महाराज, आमच्या घराण्याची गुप्त कृती!"

"त्याच्याकडे तशा बावीस होत्या! पुढे!"

दाजीशेट धोंडोशेटांच्या मागे सरकले. सगुणाने मात्र पदर खोचला, बरणी उघडली, एक फोड स्वतः खाऊन दाखवली आणि दुसरी महाराजांपुढे धरली. महाराजांनी ती तोंडात टाकली मात्र! डोळे मिटले, नाक आक्रसलं, ओठ एका बाजूला गेले. कडू जहर!

"पकडा हिला!" कारभारी ओरडले.

"थांबा! आधी पाणी आणा!" महाराजांनी घटाघटा तांब्या रिकामा केला. "काय गं, हे काय प्रकरण आहे?"

"आमच्या शेटजींचा पहिला घास, सरकार! बरणी परत आली की ती फेकायची नाही आणि गड्याच्या पोरांनाही द्यायची नाही. मालकाने जेवायला बसल्यावर आधी तिच्यातली फोड खायची, हा घरचा रिवाज. मग शेटजी आमच्यावर असे काही ओरडतात, की पुढच्या घाण्याची बिघडायची छाती होत नाही!"

"अत्तरवाल्याकडेही कुप्या परत येतच असतील की!"

"ढिगाने यायच्या! माझी नणंद तिथे कुप्या धुवायची. मुनीम त्या गुपचूप ओतून द्यायचे आणि मालकांना रोज ताजी कुपी हुंगायला द्यायचे. मालक शेवटच्या दिवसापर्यंत खूश होते, सरकार!"

महाराजांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे परत आलेला माल त्यांच्याकडेही होता! मग त्यांच्याकडे नव्हतं ते कुठे आहे? तेच तर मागितलं मी!"

सगुणाने शेजारचं लखलखीत चांदीचं तबक उचललं आणि महाराजांसमोर उभं धरलं.

"हे काय सरकार, समोरच आहे! हे वाकडं झालेलं तोंड! अत्तरवाल्या मालकाचं असं एकदाही झालं नाही!"

महाराजांनी तबकात पाहिलं. कडवटपणा अजून गेला नव्हता, ओठ अजून तिरकेच होते. आणि मग महाराज असे हसले, की डोक्यावरचा मंदिल डोळ्यांवर आला.

"शाबास! तिघांचीही दुकानं जागच्या जागी राहतील! आणि या बाईला सोन्याच्या पाटल्या द्या!" हसता हसता ते थांबले. "कारभारी, प्रजेच्या तक्रारी गेल्या महिन्यात किती आल्या?"

"एकही नाही, महाराज! सगळीकडे आनंदीआनंद आहे!"

महाराजांनी सगुणाकडे पाहिलं, मग बरणीकडे.

"सगुणाबाई," ते म्हणाले, "कारभाऱ्यांना एक फोड द्या बघू! चांगली मोठी!"