हातभर वळचण

फार पूर्वी, भिंती मातीच्या होत्या आणि माणसे साधारण आजच्यासारखीच होती त्या काळी, एका गावात एक हिशेबी गृहस्थ राहत असत. गाव त्यांना तात्या म्हणे. तात्यांचे तत्त्व एकच: भिंतीच्या आत ते आपले, बाहेर ते गावाचे. या तत्त्वापायी ते खिडकीतून बाहेर बघतानासुद्धा नाक आत ठेवत.

तत्त्वाला अडचण होती ती वळचणीची. छप्पर आढ्यापासून उतरत येते आणि भिंतीपाशी न थांबता हातभर पुढे जाते. त्या पुढे आलेल्या भागाला वळचण म्हणतात. वासे तात्यांचे, कौले तात्यांची, आणि पाऊस आला की खाली उभे दुसरेच. एक म्हातारी आपली शेळी घेऊन यायची. दोन व्याही गप्पा मारायला यायचे.

एकदा तात्यांना आतून ऐकू आले.

"घर बाकी झकास बांधलंय," एक व्याही म्हणाला.

"आजोबांनी बांधलं म्हणून. तात्यानं बांधलं असतं तर आपण आत्ता भिजत असतो."

म्हातारी हसली. शेळी हसली नाही, पण तात्यांना तिचाही संशय आला.

उघडीप मिळताच त्यांनी सुतार बोलावला. "भिंतीच्या बाहेर जेवढं आहे तेवढं कापून टाक."

बायको दारात आली. "आजेसासऱ्यांनी वासे पुढे काढले ते काय उगीच?"

"आजोबा भिडस्त होते. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे."

"तुम्हाला येतं, हे गावाला ठाऊक आहे. त्यासाठी छप्पर कशाला कापता?"

तात्यांनी सुताराला शिडीकडे बोट दाखवले. सुताराने करवत चालवली. जाताना त्याने विचारले, "हे तुकडे मी नेऊ का, चुलीला होतील?"

"ते माझ्या छपराचे आहेत," तात्या म्हणाले, आणि तुकडे उचलून आत घेऊन गेले.

पाऊस परतला. म्हातारी, शेळी आणि व्याही समोरच्या कुंभाराच्या वळचणीखाली गेले. तिथून तात्यांची भिंत अगदी समोर दिसे, त्यामुळे त्यांची काही गैरसोय झाली नाही. छपराच्या पागोळ्या पूर्वी भिंतीपासून दूर पडत. आता त्या भिंतीवरूनच वाहू लागल्या. आधी लिंपण सुटले, मग माती.

"फुगली बघा," एक व्याही म्हणाला.

"उद्यापर्यंत टिकेल."

"दुपारपर्यंत टिकली तरी खूप."

आत त्याच भिंतीला टेकून भाताची कणगी होती, घराचे वर्षाचे पोट. तात्या दोन्ही हात पसरून भिंतीला आतून रेटत उभे राहिले. भिंतीला मात्र बाहेर जायचे होते. दुपारी ती धप्पकन रस्त्यात बसली, पाठोपाठ कणगी कलंडली, आणि भात सगळ्यांत आधी शेळीला दिसला.

म्हातारीने शेळीला ओढले. व्याह्यांनी धोतरे खोचली, कुंभार पाट्या घेऊन धावला, आणि सगळ्यांनी भिजत भिजत भात उचलून कुंभाराच्या वळचणीखाली नेला. बराचसा वाचला. तात्याही तिथेच, शेळीच्या बाजूला, अंग चोरून उभे राहिले. शेळी जराही सरकली नाही.

"तात्या," एक व्याही शांतपणे म्हणाला, "भिंत तर गेली. आता तुमचं कुठवर नि गावाचं कुठवर?"

तात्यांनी भाताची एक पाटी आत ओढली. मग म्हणाले, "जरा तिकडे सरका. भाताला झड लागतेय."

भिंत पुन्हा उभी राहिली. कापलेले तुकडे काही वाशांना जोडता येईनात. शेवटी ते चुलीतच गेले आणि वासे नवे आणावे लागले. या वेळी तात्यांनी वळचण दीड हात काढली. कोणी विचारले तर सांगत, "गावाची सोय व्हावी म्हणून केली." हे ऐकले की बायको पदर तोंडाला लावून आत जात असे.

तात्पर्य सांगायचे तर एवढेच: वळचणीखाली उभा दिसतो तो शेजारी, पण कोरडी राहते ती आपली भिंत.