गुंजेएवढा निखारा

डोंगराच्या पायथ्याशी एक चिमुकली वाडी होती. पौषात तिथे थंडी पडली आणि थंडीमागोमाग ताप आला. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली. गोजी नावाच्या इवल्याशा पोरीची आईही तापली. तिला गरम पेज हवी होती, पण आईचं करता करता राखेखालचा निखारा कधी विझला, ते पोरीला कळलंच नाही.

वाडीत काडेपेट्या नव्हत्या. विस्तव शेजारून आणायचा, हीच रीत.

"आजी, थोडा विस्तव द्याल?"

ठकूआजीनं न बोलता दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही तेच. एवढी माणसं, पण एकाच्याही काळजाला पाझर फुटेना! गोजी रडत रानात पळाली.

तिथे गुंजेच्या वेलीवर बोटभर उंचीची परी झोके घेत होती. तिचे पंख मोरपिशी होते, झगा चंदेरी, आणि केसांत दवाचे पिटुकले मोती लुकलुकत होते.

"रडू नको गं बाळ. काय हवं ते एकदाच माग."

"विस्तव दे. नाहीतर माझी आई मरेल."

परीनं खापरीत गुंजेएवढा लालचुटूक निखारा ठेवला. "हा वाटून संपणार नाही. पण तू तुझ्या चुलीत घातलास, तर विझेल. तुझ्या घरी तो दुसऱ्यानं आपणहून आणायला हवा. आणि हे कुणाला सांगायचं नाही."

"कुणीच नाही आणला तर?"

परीचे डोळे भरून आले.

गोजी परतली. घरातून आईचं कण्हणं ऐकू आलं, तिचे पाय अडखळले. मग ओठ घट्ट मिटून तिनं ठकूआजीचं दार लोटलं. आत चूल थंडगार! गोधडीत नातू कुडकुडत होता.

त्या वाडीत घरचं माणूस गेलं, तरच 'चूल विझली' म्हणत. मग घरात आजारी असताना असं अभद्र कोण बोलणार? घरोघरी चुली थंड होत्या, पण सगळे तोंड मिटून बसले, आणि प्रत्येकाला वाटलं, शेजारी दगडाचे आहेत.

"तुला नाही म्हणत नव्हते गं पोरी," चूल पेटवून आजी रडत म्हणाली, "होतंच काय द्यायला!" आणि तीच निखारा घेऊन पुढच्या घरी निघाली.

एकेका छपरातून धूर निघाला. शेवटचं घर सर्जाबाबाचं. त्याची बायको सकाळीच गेली होती. उंबऱ्यावर खापरी ठेवून आजी परतली.

गोजी घरी येऊन आईचे पाय चोळत बसली. पाय गार पडत चालले होते. जो तो आपल्या आजाऱ्यापाशी होता. तिची आठवण कुणाला येणार? बोलायची तर तिला बंदी होती.

तेवढ्यात दार वाजलं. खापरी घेऊन सर्जाबाबा उभा होता.

"पोरी, तुझ्या छपरातून धूर दिसला नाही. माझ्या घरची चूल विझली," तो म्हणाला. "तुझी तरी पेटू दे."

चुलीत सोनेरी ज्वाळा उठली. तिच्यात परी क्षणभर हसली आणि लखलखत्या उजेडात विरून गेली.

पेजेचे दोन घोट पोटात गेले आणि आईनं डोळे उघडले. भिंतीला टेकलेला सर्जाबाबा तिला दिसला.

"भावोजी," ती क्षीण आवाजात म्हणाली, "तुम्ही काही खाल्लंत का?"

सकाळपासून डोळ्यांत टिपूसही न आलेला तो माणूस ओक्साबोक्शी रडू लागला. ते ऐकून घराघरातून माणसं धावली, आणि त्या संध्याकाळी त्याला कुणी एकटं सोडलं नाही.

गोजीची आई बरी झाली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरची माणसंही बरी होवोत.