मनश्शेबाबांचं एकमत

लहानांनो, मोठ्यांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. तिथल्या राजाने एकदा फर्मान काढलं : मोठ्या चर्चमधले धर्मगुरू सांगतील तेच खरं, आणि प्रत्येकाने तशी शपथ घ्यायची. सगळ्यांनी मुकाट्याने घेतली. मूठभर विणकर तेवढे म्हणाले, "नाही."

त्यांना हाकलून दिलं. ते दूरच्या माळावर गेले, तिथे विहीर खणली, प्रार्थनेसाठी साधी खोली बांधली. असा त्यांचा पंथ सुरू झाला. त्यांच्यात धर्मगुरू नव्हता, शपथ नव्हती. पवित्र शास्त्र ज्याचं त्याने वाचायचं, आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही करायचं नाही. किती छान, नाही का? पण पुढेपुढे एकमत होईना. मग त्यांनी सोपी युक्ती काढली. जो 'नाही' म्हणेल त्यालाच पंथाबाहेर काढायचं! त्याच्याशी बोलणं बंद, त्याच्या हातचं खाणंपिणं बंद, त्याला विहिरीचं पाणीही बंद.

एका वर्षी भयंकर दुष्काळ पडला. शहरातली माणसं रिकामे हंडे घेऊन माळावर आली. ज्यांनी या विणकरांच्या आजोबांना हाकललं, त्यांचीच ही नातवंडं.

पंथाचे वडील मनश्शेबाबा यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. "यांना पाणी द्यायचं नाही. मान्य?"

एकेक जण 'मान्य' म्हणत गेला. रिबका नावाच्या विणकरणीची पाळी आली. ती म्हणाली, "नाही."

"बाई, नीट विचार कर. चहूकडे पाण्याचा थेंब नाही. इथून बाहेर पडलीस तर मरशील."

"ठाऊक आहे, बाबा. पण त्यांच्याजवळ तान्ही पोरं आहेत हो! माझ्याच्याने नाही म्हणवत 'हो'."

आता बाहेर काढायलाही एकमत लागायचं. बाबांनी आधी तिच्या नवऱ्यालाच गाठलं. "ओबेद, हिला काढायचं. मान्य?"

ओबेद भित्रा होता बिचारा. जन्मात कुणाला उलटून बोलला नव्हता. त्याला दरदरून घाम फुटला.

"नाही," तो कसाबसा म्हणाला.

"मग तूही चालता हो!" बाबा शेजारच्या म्हातारीकडे वळले. "या दोघांना काढायचं. मान्य?"

म्हातारी काठी टेकत उठली. "मलाही काढ की रे मनश्शा! मला नाही मान्य."

बाबा चिडून विचारत गेले, माणसं 'नाही' म्हणत उठून जात राहिली. शेवटी ते एकटेच उरले. बाहेर रहाट फिरू लागला, हंडे भरू लागले.

"पाणी द्यायचं नाही. मान्य?" बाबांनी रिकाम्या खोलीला विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "मान्य." इतकं पक्कं एकमत त्या पंथात कधीच झालं नव्हतं!

दुपार कलली. बाबांचा घसा सुकून गेला. रिबका तांब्या घेऊन आली आणि उंबरठ्याबाहेरच थांबली, कारण तिला आता आत यायची बंदी होती.

बाबा बराच वेळ तांब्याकडे बघत राहिले. मग उठले, बाहेर आले आणि तिच्या हातचं पाणी घटाघटा प्यायले.

"आता मीही बाहेरचाच," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.

तात्पर्य : ज्याने 'नाही' म्हणण्यासाठी घरदार सोडलं, त्याने दुसऱ्याच्या 'नाही'साठी दार लावू नये.